मार कोण खातं?

तिसरा बाण लागला आणि पाचही वटवाघळं एकदम नाहीशी झाली.

मी स्वतः लिहीत असलेला खेळ अगदी छोटा होता. एक खोली, एक धनुर्धारी, छताखाली भिरभिरणारी पाच वटवाघळं आणि पलीकडे एक बंद दार. प्रत्येक वटवाघळाला ३० गुण जीव, बाण लागला की १० वजा. पहिला बाण मी डावीकडच्या वटवाघळाला मारला, दुसरा मधल्याला, तिसरा उजवीकडच्याला. हिशेबाने तिघांचा जीव वीस-वीस उरायला हवा होता आणि बाकीच्या दोघांना तर ओरखडाही उठलेला नव्हता. पण खोली रिकामी झाली. पुन्हा खेळून पाहिलं. कोणालाही मारा, कसंही मारा, तिसऱ्या बाणाला पाचही जाणार म्हणजे जाणार.

चूक सापडायला संध्याकाळ गेली. वटवाघळाच्या क्लासमध्ये, म्हणजे वटवाघळांच्या कोडमधल्या आराखड्यात, जीव मोजणाऱ्या व्हेरिएबलच्या आधी मी ‘स्टॅटिक’ हा शब्द लिहिला होता, आणि तो का लिहिला हेही मला आठवत होतं. बाणाच्या स्क्रिप्टमधून मी थेट क्लासचं नाव घेऊन ‘याचा जीव कमी कर’ असं लिहिलं होतं. कंपायलरने, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमने, अडवलं होतं: ऑब्जेक्टचा संदर्भ हवा. मला तो संदेश कळला नव्हता. स्टॅटिक लिहिलं की तक्रार थांबते एवढंच कळलं होतं, म्हणून लिहिलं आणि तक्रार थांबली. स्टॅटिक म्हणजे ती गोष्ट सबंध क्लासची मिळून एकच. पाच वटवाघळांमध्ये मिळून एकच जीव होता आणि मी तिघांना मारलेले तीन बाण त्या एकाच जिवातून वजा होत होते.

कंपायलर मला साधा प्रश्न विचारत होता. कोणतं वटवाघूळ?

त्या संध्याकाळपर्यंत मी क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्या व्याख्या वाचल्या होत्या, पाठही झाल्या होत्या. क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून केलेली वस्तू. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि पाच वटवाघळं डोळ्यांदेखत एकदम मरताना पाहणं वेगळं. मराठीत आपण ‘वटवाघूळ सस्तन प्राणी आहे’ म्हणतो आणि ‘वटवाघूळ खिडकीतून आत आलं’ असंही म्हणतो. शब्द तोच. पहिल्या वाक्यात जातीविषयी बोलणं चाललंय आणि दुसऱ्यात एका विशिष्ट जिवाविषयी, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. यंत्राला ते आपोआप कळत नाही. त्याला दर वेळी सांगावं लागतं की मी जातीविषयी बोलतेय की त्या उजवीकडच्या, पंख मिटत असलेल्या, वीस गुण उरलेल्या एका वटवाघळाविषयी.

(जाता जाता: ऑब्जेक्टभोवती प्रोग्रॅम रचण्याच्या पद्धतीला ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ म्हणतात. त्यासाठी ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द मला पटत नाही. वस्तुनिष्ठ म्हटलं की पूर्वग्रह बाजूला ठेवून केलेलं परीक्षण आठवतं. इथे तर उलट प्रत्येक वस्तूचं स्वतःचं म्हणणं असतं, स्वतःची बाजू असते. म्हणून मी ऑब्जेक्टला ऑब्जेक्टच म्हणते.)

स्टॅटिक काढला. आता बाणाने ज्याला धडक दिली ते नेमकं वटवाघूळ हातात घ्यायचं आणि त्याचाच जीव कमी करायचा. हे जमलं. मग खेळात कोळी आला, मग ढालवाला पहारेकरी आला, मग लाकडी पेटी आली, आणि बाणाची स्क्रिप्ट लांबत गेली. लागलेली वस्तू वटवाघूळ असेल तर दहा वजा कर. कोळी असेल तर दहा वजा कर आणि त्याचा वेग वाढव. पहारेकरी असेल तर आधी ढाल कुठल्या बाजूला आहे ते बघ. खेळात नवं कोणी आलं की बाण उघडायचा आणि त्यात एक ‘नाहीतर जर’ वाढवायचा. बाणाला सगळ्या जगाची खडान्‌खडा माहिती झाली होती. खरं तर बाणाला काय ठाऊक असायला हवं? सरळ जायचं आणि लागायचं.

इथे मला मराठीचीच मदत झाली. ‘मार खाणे’ हा आपला किती जुना वाक्प्रचार! मारणारा कोणीही असो, या क्रियेचा कर्ता मार खाणारा असतो. ‘त्याने मार खाल्ला.’ म्हणजे मार खाणं हे मार खाणाऱ्याचं काम आहे. कसा खायचा, किती सोसायचा, कोलमडायचं की उलट अंगावर जायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. बाणाने फक्त ‘मार खा’ एवढं म्हणायचं. मी ज्या भाषेत खेळ लिहीत होते त्या सी शार्पमध्ये मेथडची, म्हणजे ऑब्जेक्टने करायच्या कामांची, नावं देवनागरीतही चालतात, म्हणून मी ती ओळ खरोखरच तशी लिहिली:

लागलेला.मार_खा(बाण.ताकद)

बाणाच्या स्क्रिप्टमधल्या सत्तर-ऐंशी ओळी गेल्या आणि ही एक उरली. वटवाघळाने आपल्या क्लासमध्ये आपलं मार खाणं लिहिलं, कोळ्याने आपलं, पहारेकऱ्याने ढाल तपासून आपलं. बाणाला समोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. तो तेच दोन शब्द बोलतो आणि ऐकणारा आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो. पॉलिमॉर्फिझम या भारदस्त शब्दाचा अर्थ मला त्या एका ओळीत भेटला, आणि त्या दिवशी मी बराच वेळ नुसती त्या ओळीकडे बघत बसले होते.

पुढे वाचताना कळलं की ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्दप्रयोग १९६०च्या दशकात ज्यांनी रूढ केला ते ॲलन के हेच तर सांगत होते. के गणित आणि रेणवीय जीवशास्त्र शिकलेले. त्यांच्या मनातला ऑब्जेक्ट शरीरातल्या पेशीसारखा होता: आतलं आत ठेवणारा आणि बाहेरच्यांशी फक्त निरोपांनी बोलणारा. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७२पासून स्मॉलटॉक ही भाषा घडवली, त्यात सगळं याच कल्पनेवर उभं होतं. पुढे अनेक वर्षांनी के यांनी खंतही व्यक्त केली, की ‘ऑब्जेक्ट’ या शब्दामुळे लोकांचं लक्ष वस्तूंकडे गेलं, खरी मोठी कल्पना निरोपांची होती.

आतलं आत ठेवण्याचं महत्त्व मला दोन किल्ल्यांनी शिकवलं. पहारेकरी मेला की त्याच्या जागी एक किल्ली पडायची. कधी कधी दोन पडायच्या. रोज नाही, दहा-पंधरा वेळांतून एकदा. अशी अधूनमधून दिसणारी चूक फार छळते, कारण शोधायला बसावं तेव्हा ती येत नाही. शेवटी कारण सापडलं ते असं: मी ज्या गेम इंजिनात, म्हणजे खेळ घडवायच्या तयार साधनात, काम करत होते त्या युनिटीत एखादी वस्तू नष्ट करायला सांगितली तरी ती त्या क्षणी नष्ट होत नाही, त्या फ्रेमचं, म्हणजे पडद्यावरच्या त्या एका चित्राचं, अपडेट संपल्यावर होते. एकाच फ्रेममध्ये दोन बाण लागले, की पहिल्या बाणाने पहारेकरी मरायचा, पण दुसरा बाण पोचेपर्यंत तो मेलेला देह तिथेच असायचा. दुसऱ्या बाणाचाही मार तो खायचा, जीव शून्याखाली आहे असं बघायचा आणि पुन्हा मरायचा. दोन मरणं, दोन किल्ल्या.

जीव वजा करणारा कोड तेव्हा तीन ठिकाणी होता: पहारेकऱ्याच्या स्वतःच्या मार खाण्यात, तलवारीच्या स्क्रिप्टमध्ये आणि जमिनीतल्या सुळ्यांमध्ये. तलवार आणि सुळे मी आधी लिहिले होते आणि ते थेट त्याच्या जिवाला हात घालत होते. ‘आधीच मेलेला असेल तर काही करू नकोस’ ही एक ओळ तीनही ठिकाणी लिहावी लागणार होती, आणि चौथं शस्त्र आलं की चौथ्यांदा. त्याऐवजी मी त्याचा जीव प्रायव्हेट केला. क्षणात तलवार आणि सुळे यांच्या कोडखाली लाल रेघा उमटल्या: तुम्हाला हात लावता येणार नाही. त्या लाल रेघा मला फार दिलासा देणाऱ्या वाटल्या. कोण कोण परस्पर आत शिरत होतं ते सगळं एका दृष्टीत दिसलं. आता पहारेकऱ्यापर्यंत पोचायची वाट एकच, ‘मार खा’. ती ओळ त्या एका वाटेवर एकदाच लिहिली आणि दुसरी किल्ली पुन्हा कधी पडली नाही.

असं आतलं आत ठेवणं म्हणजे एन्कॅप्सुलेशन. शिकवताना त्याला ‘माहिती लपवणं’ म्हणतात. लपवणं म्हटलं की त्यात काहीतरी संशयाचं वाटतं. मला त्यात जबाबदारी दिसते. जिवाचा हिशेब ज्याचा जीव त्याने ठेवायचा.

हा सगळा विचार आला कुठून, हे शोधायला गेले आणि आनंदाचा धक्का बसला. तो हिशेबाच्या किंवा कार्यालयीन कामाच्या प्रोग्रॅममधून आला असेल असं मी धरून चालले होते. तो आला जगाची नक्कल करण्यातून. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये १९६०च्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड सिम्युलेशनसाठी भाषा रचत होते, तिचं नावच सिम्युला. त्यांच्यापुढचे प्रश्न रांगांचे होते: कोण कधी येतं, किती थांबतं, कोणामुळे कोण अडतं. त्यांनी विचारात घेतलेल्या उदाहरणांत एक पूल होता, पुलावर टोलनाका आणि नाक्यावर थांबलेले ट्रक आणि बस. ट्रक वेगळा, बस वेगळी, पण रांगेत उभं राहणं दोघांचं सारखं. मग रांगेत उभं राहणं दोनदा का लिहायचं? ते सामाईक अंग वर काढून एकदा लिहावं आणि ट्रक आणि बस दोघांनी ते घ्यावं. सिम्युला ६७मध्ये क्लास, ऑब्जेक्ट, उपक्लास हे सगळं आलं. या कामासाठी दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये पीएच.डी. करताना सिम्युला वापरली होती. तिची शिस्त त्यांना आवडली, संथपणा मात्र परवडला नाही. १९७९मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले. त्याचंच १९८३मध्ये सी प्लस प्लस असं नामकरण झालं, आणि आजची मोठी गेम इंजिनं बहुतांशी त्याच भाषेत लिहिलेली आहेत.

म्हणजे खोलीतली वटवाघळं आणि टोलनाक्यावरचे ट्रक नात्यातले निघाले. गेम म्हणजे तरी दुसरं काय? एक काल्पनिक जग, ज्यात प्रत्येकजण आपापलं काहीतरी करतोय आणि घड्याळ पुढे सरकतंय.

मात्र ट्रक आणि बस यांचं उदाहरण जितकं सरळ वाटतं तितकं माझं पुढचं प्रकरण सरळ गेलं नाही.

एका क्लासने दुसऱ्याकडून असं सामाईक अंग घेणं म्हणजे इनहेरिटन्स. त्याला वारसा म्हणतात आणि तो शब्द मला अगदी चपखल वाटतो. वारशात घर येतं तसं त्यावरचं कर्जही येतं. वटवाघूळ, कोळी, पहारेकरी यांचं सारखं असलेलं सगळं मी ‘शत्रू’ नावाच्या क्लासमध्ये नेलं होतं: जीव, मार खाणं, मरणं. लाकडी पेटीही बाणाने फुटायला हवी होती. तिलाही जीव हवा, तिलाही मार खाता यायला हवा. ते सगळं शत्रूमध्ये तयारच होतं. मी पेटीला शत्रूचा वारस केलं. दोन मिनिटांचं काम. पेटी फुटायला लागली.

दोन दिवसांनी भाचा आला आणि खेळायला बसला. त्याने पाचही वटवाघळं पाडली आणि दारापाशी जाऊन उभा राहिला.

“मावशी, दार उघडत नाहीये.”

“सगळी मारलीस का रे?”

“हो. बघ ना, कोणीच नाहीये.”

खोलीत खरंच कोणी नव्हतं. तो भिंतीभिंतीने चाचपत फिरला, छतावर बाण मारून पाहिले, एखादं अदृश्य वटवाघूळ असेल असं त्याला वाटलं. मी कोड उघडला. खोलीत किती शत्रू उरले याचा आकडा ठेवलेला होता आणि तो शून्य झाला की दार उघडायचं. हा आकडा वाढवायचं काम शत्रूच्या ‘स्टार्ट’मध्ये, म्हणजे वस्तू खेळात आली की सुरुवातीला एकदा चालणाऱ्या कोडमध्ये, होतं. पेटीने स्वतःचं स्टार्ट लिहिलेलं नव्हतं, म्हणून वारशाने आलेलं चाललं होतं. कोपऱ्यातली ती न फुटलेली पेटी शत्रू म्हणून मोजली गेली होती. मी स्वतः खेळून बघताना दर वेळी सवयीने पेटी फोडायचे, त्यामुळे मला हे कधी दिसलंच नव्हतं.

पेटीसाठी ‘मोजू नकोस’ अशी एक सूचना घालून वेळ मारून नेता आली असती. पण मग शत्रूच्या क्लासमध्ये पेटीसाठी एक अपवाद, मग घड्यासाठी, मग पुलाच्या दोरासाठी. चूक आकड्यात नव्हती, मी केलेल्या विधानात होती. ‘पेटी हा एक प्रकारचा शत्रू आहे’ असं मी कोडमध्ये लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. पेटी मार खाते, इतकंच खरं होतं.

मराठीत अशा वेळी ‘-णारा’ हा प्रत्यय हाताशी असतो. मार खाणारा. उडणारा. उघडणारा. ती वस्तू मुळात काय आहे याबद्दल हा शब्द काही बोलत नाही, तिच्याकडून काय होतं एवढंच सांगतो. सी शार्पमधला इंटरफेस नेमका हाच. क्लासला वारसा एकाच क्लासकडून घेता येतो, इंटरफेस मात्र हवे तितके. ‘मार_खाणारा’ असा इंटरफेस केला. वटवाघूळ मार खाणारं, पेटी मार खाणारी. बाणाने विचारायचं ते इतकंच: समोरचा मार खाणारा आहे का? शत्रू मोजण्याचं काम शत्रूंकडेच राहिलं.

मग एक पाऊल पुढे गेले. जीव आणि मार खाणं हे सगळं मिळून मी ‘जीव’ नावाचा एक स्वतंत्र घटक केला. युनिटीची घडणही मुळात अशीच आहे, हे तेव्हा उमगलं. तिथे खेळातली प्रत्येक वस्तू हा गेमऑब्जेक्ट असतो आणि तो जवळजवळ रिकामा असतो. जागा, चित्र, धडकेची सीमा, वजन हे सगळं त्याला जोडलेल्या घटकांमधून येतं. गेमऑब्जेक्ट हा क्लास तर सील केलेला आहे, त्याचा वारस कोणाला होताच येत नाही. इतके दिवस मला ती एक अडचण वाटत होती. पेटीच्या प्रकरणानंतर कळलं की ती वाट कोणीतरी विचार करून बंद केलेली आहे. वटवाघूळ म्हणजे काय? जागा, चित्र, उडणं आणि जीव. पेटी म्हणजे काय? जागा, चित्र आणि जीव. बस.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. या सगळ्याशिवायही गेम होतात, उत्तम होतात. १९७२च्या पाँगमध्ये तर प्रोग्रॅमच नव्हता, नुसते सर्किट. १९७८चा स्पेस इन्व्हेडर्स तोमोहिरो निशिकादो यांनी असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिला. त्यात ११च्या ५ ओळी, असे ५५ परग्रहवासी. यंत्राला एकदम सगळे हलवणं झेपत नव्हतं, दर फ्रेमला एकच हलायचा. जसजसे ते मरत तसतशी प्रत्येकाची पाळी लवकर येई आणि उरलेले वेगाने अंगावर येत. निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं आणि त्या खेळाची सगळी धास्ती त्यातून आली. मीही जेव्हा तीन हजार ठिणग्यांना तीन हजार ऑब्जेक्ट केलं आणि प्रत्येकाला स्वतःचं अपडेट दिलं, तेव्हा खेळ अडखळायला लागला. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.६७ मिलिसेकंद मिळतात आणि ठिणग्याच त्यातला बराच भाग खात होत्या. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी बहुधा ६४ बाइटचा तुकडा उचलतो; आकडे शेजारी शेजारी असतील तर एका उचलीत अनेक येतात, विखुरलेले असतील तर प्रत्येकासाठी वेगळी फेरी. ठिणग्यांना स्वतःचं काही म्हणणं नसतं. त्यांच्या जागा आणि वेग सलग ॲरेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या सलग यादीत, मांडले, एका लूपमध्ये सगळ्या हलवल्या आणि खेळ मोकळा झाला. पण मला वाटतं, आधी ऑब्जेक्टच शिकावेत. काय सोडून द्यायचं हे कळायला आधी ते हातात असावं लागतं.

पुढच्या वेळी भाचा आला तेव्हा त्याने नवाच प्रश्न काढला.

“मावशी, सगळ्यांना मारण्यापेक्षा दारच तोडता येईल का?”

मी त्याला शेजारी बसवलं. दार निवडलं. जोडायच्या घटकांच्या यादीतून ‘जीव’ उचलला, दाराला जोडला, आकडा १०० केला. एकही ओळ लिहावी लागली नाही. बाणालाही काही सांगायचं नव्हतं, ते दोन शब्द त्याला येतच होते.

त्याने तीन वटवाघळं पाडली, बाकीच्या दोघांना चुकवत दारासमोर आला आणि एकामागून एक बाण मारत सुटला. दहाव्या बाणाला दार फुटलं. तो ओरडत उठला. आणि आम्ही दोघं बघत असतानाच ती उरलेली दोन वटवाघळं, जी इतके दिवस भिंतीला धडकून मागे वळायची, ती मोकळ्या चौकटीतून सरळ बाहेर पडली आणि पुढच्या खोलीच्या अंधारात गेली. तिथे काय असेल हे मी अजून रचलेलंही नव्हतं.

“ती कुठे गेली?” भाच्याने विचारलं.